बोटभर लहान कुबडी

साहेब, तुम्ही एका बाईचे पाय मागून नेलेत आणि तिला खुर्चीत ठेवून विसरलात. विसरलात तरी कसं म्हणावं? ती तुमच्या डोळ्यांसमोर होती.

कनेरगाव नाक्याजवळच्या मळ्यात तुमच्या मालिकेचं शूटिंग लागलं होतं. मालिकेतली सून पायानं अधू. हिरोईनसाठी आणलेल्या कुबड्या दवाखान्यातल्यासारख्या चकचकीत, त्या कॅमेऱ्यात खोट्या दिसायला लागल्या. बघायला आलेल्या बायांत शिवकन्या होती, नाक्यावर ब्लाऊज शिवणारी. तिच्या लाकडी कुबड्यांना मुठीशी सायकलची ट्यूब गुंडाळलेली, काखेशी चिंध्यांची गादी शिवलेली. तुमची असिस्टंट पळत आली. "ताई, एका सीनपुरत्या द्या ना. पाचच मिनिटं."

शिवकन्यानं दिल्या. टीव्हीत आपल्यासारखी बाई दिसणार याचं तिला अप्रूप होतं, खोटं कशाला बोला.

"शिवे," शेजारची शकुबाई हसली, "तुझ्याआधी तुझ्या कुबड्याच टीव्हीत चालल्या बघ!"

"जाऊ दे त्यायला तरी. मला कोण घेतंय?"

डावी कुबडी उजवीपेक्षा बोटभर लहान. शिवकन्याचा डावा खांदा उतरता, म्हणून हरिचंद सुतारानं तीनदा तासून बराबर बसवलेली. सरळ खांद्याच्या हिरोईननं ती काखेत घेतली आणि तिचा तोल एका अंगाला गेला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. "वा! काय लंगडलीस!"

पाच मिनिटांचे दोन तास झाले. ऊन खुर्चीवर आलं. शिवकन्याला लघवीला लागली होती. कुणाचा हात धरावा तर शकुबाई भाकरी थापायला घरी गेलेली. असिस्टंटला हाक मारली की ती ओठांवर बोट ठेवी.

मग तुम्ही हिरोईनला पुढचा सीन समजावलात. शब्द न् शब्द शिवकन्याच्या कानावर आला.

"नवऱ्याला साप चावलाय. तू धावत सुटतेस. पाय बरा! दोन्ही कुबड्या विहिरीत फेकून दे. एकाच टेकमध्ये हवंय."

शिवकन्या खुर्चीतून पुढं झुकली. "ओ ताई! त्या माझ्या हायत!"

"आम्ही नवीन देऊ ना," असिस्टंट कुजबुजली.

"चपला हायत का, दुकानातून जोडी आणायला? मी घरी कशी जाऊ?"

"सायलेन्स!" तुम्ही ओरडलात. कॅमेरा सुरू झाला.

विहीर वीस पावलांवर. पण पावलं कुणाची? शिवकन्या खुर्चीवरून खाली उतरली, पंजे टेकवले आणि सोयाबीनच्या धसकटांतून सरपटत निघाली. धसकटं तळव्यांत घुसली. साडी अडकली, तिनं ओढली, ती फाटली. कॅमेरामननं मान वळवून तुमच्याकडं पाहिलं.

"कट नको," तुम्ही म्हणालात. "तिच्यावर घे. काय खरं येतंय!"

हिरोईनचा हात विहिरीवर उचललेला, तो तसाच राहिला. शिवकन्यानं तिच्या पायाशी पोचून खालून डावी कुबडी घट्ट धरली. पोरीनं सोडली. मग दुसरीही तिच्या हातात दिली. विहिरीच्या कठड्याला धरून शिवकन्या उठली. एक या काखेत, एक त्या काखेत. तळव्यांचं रक्त ट्यूबवर उतरलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा अजून चालूच.

ती कॅमेऱ्याकडं नाही, तुमच्याकडं वळली.

"दोन तास हाका मारून राहिले, ते तुमाला ऐकू आलं न्हाई. सरपटताना मात्र बराबर दिसले. सकाळी या कुबड्यांवर मी चालत आले, तवा कॅमेरा काहून वळला न्हाई माझ्यावर? अन् आता कट म्हणायला तुमची जीभ काहून उचलली न्हाई? आता मला घरी जाता येतंय, पर मी जात न्हाई. बोला, साहेब."