पायाखालचं बटण

तो तांबडा दिवा, मण्याएवढा, सेटच्या डाव्या कोपऱ्यातला — आपलं बोलणं बाहेर चाललंय एवढंच सांगायला जन्माला आलेला — विझलेला होता. आजचा नाही, बऱ्याच दिवसांचा... आणि रोज सकाळी खुर्चीत बसताना ती त्याच्याकडे बघून म्हणायची, बदलायला हवा; आणि लगेच म्हणायची, कशाला? आपण बोलतोय की ऐकतोय हे कळायला ज्याला दिवा लागतो, त्याने मुळात रेडिओचा परवानाच घेऊ नये. तसे घेतलेत म्हणा पुष्कळांनी. गल्लीतला गोंधळ कमी पडला म्हणून हवेत घालायला.

सकाळची नेट सुरू झाली होती. ही सगळी हौशी रेडिओवाली मंडळी रोज या वेळेला एका लहरीवर जमायची, आणि एका वेळी एकालाच बोलता येत असल्यामुळे कुणीतरी हजेरी घ्यावी, नंबर लावावेत, आगाऊ माणसाला गप्प बसवावं लागे. ते कुणीतरी म्हणजे ती. नेट कंट्रोल. कानामागून आली आणि तिखट झाली, असं सुरुवातीला बोलायचे तिच्यामागे. आता बोलत नाहीत, कारण हे दुसऱ्या कुणाला जमत नाही हे त्यांनाही कळून चुकलंय.

"वहिनी, सुप्रभात, सगळ्यांनाच सुप्रभात," दातांचा डॉक्टर म्हणाला. त्याला कुणी बोलावलेलं नव्हतं. "आमच्याकडे ढगाळ आहे, वारा बेताचा..."

वहिनी! हवेवर नाती जोडतात हे लोक. स्टेशनचं नाव असतं, सरकारने दिलेलं, ते घ्यायचं आणि कामापुरतं बोलायचं... पण नाही. आणि ढगाळ आहे म्हणे. खिडकी सगळ्यांना आहे, डॉक्टर. त्यानंतर पाइपवाला — नळाच्या सामानाचं दुकान, आवाजही तसाच, घशात काहीतरी तुंबल्यासारखा — डॉक्टरचं संपतं न संपतं तोच त्याने झडप घातली. दोन बोलण्यांच्या मधे फट ठेवावी, एका श्वासाची तरी. त्या फटीतून एखादं अशक्त स्टेशन आत येऊ शकतं, कुणाला खरंच मदत हवी असू शकते... हे तिने किती वेळा सांगितलं असेल? पालथ्या घड्यावर पाणी.

हे तिला बाबांनी शिकवलं होतं. बाबा म्हणजे सासरे. लग्नानंतर याच खोलीत, याच टेबलाशी बसवून, आणि काही प्रेमाने वगैरे नाही. "सूनबाई, तोंड सगळ्यांना असतं. कान किती जणांना असतात ते सांग." ती चुकली की हसायचे, तेही तोंडावर. हवा आपल्या बापाची नाही, म्हणायचे, आणि सेटची खरखर दाबून टाकायचं ते बटण पिळलं की संतापायचे — "खरखर ऐकू आली पाहिजे! ती बंद झाली तर समज, एक तर कुणी बोलतंय, नाहीतर तू बहिरी झालीस." तिचं डोकं दुखायचं त्या खरखरीने. बाबा थोरल्या दिरांकडे डोंगरापलीकडच्या गावी राहायला गेले आणि तिने पहिलं काम केलं ते हे, बटण पिळून खरखर बंद. शांतता. कुणी बोललं तरच आवाज.

मग बाबांना झटका आला. उजवा हात गेला आणि अर्धी जीभ गेली.

आता हजेरीत शेवटचं नाव त्यांचं. तिने पायाखालचं पेडल दाबलं (हात लिहायला मोकळे राहावेत म्हणून बोलायचं बटण टेबलाखाली, पायाशी), बाबांच्या स्टेशनचं नाव घेतलं, खुर्ची जरा पुढे ओढली, आणि पाय उचलला.

आवाज नाही. ठीक आहे, त्यांना वेळ लागतोच. आधी श्वास, मग घशातली धडपड, मग एकेक अक्षर जड पेटीसारखं ओढत आणलेलं... आणि तेवढा वेळ सगळी नेट खोळंबून. ती बसून राहिली, आणि बसल्या बसल्या, नेहमीसारखी, तोंडातल्या तोंडात बोलत राहिली. तोंडातल्या तोंडात म्हणजे तिच्या मते. नवऱ्याच्या मते अख्ख्या घराला ऐकू जाईल इतकं. पेशंटची तोंडं उघडी ठेवून ठेवून या डॉक्टरचंच कायमचं उघडं राहिलंय, ती म्हणाली. फोन वाजला. पाइपवाला! नेट चालू असताना फोन करतोय, शहाणा! तिने तो तोडला. परत वाजला. दुकानातले पाइपसुद्धा इतके पोकळ नसतील, ती म्हणाली. परत तोडला. आणि बाबांचं अजून काही येत नाही म्हटल्यावर — "बोलता येत नाही तर ऐकत बसावं ना माणसाने. किती दिवस ओढायचं आम्ही हे? संपलं आता बाबांचं. कुणीतरी सांगायला हवं त्यांना."

पेन गडगडत खाली गेलं. ती वाकली.

खुर्चीचा पुढचा पाय पेडलवर होता. नीट, मधोमध, पूर्ण वजनाने.

काही क्षण तिला नुसतं दिसलं, कळलं नाही. मग तिने खुर्ची मागे ढकलली, इतक्या जोरात की भिंतीला लागली, आणि सेटमधून लगेच, जणू दाराबाहेर केव्हाचा उभा असल्यासारखा, दातांचा डॉक्टर आला —

"कंट्रोल, आता व्यवस्थित येतोय आवाज. पुढे घ्या."

'कंट्रोल' म्हणाला. 'वहिनी' नाही. आणि मग पाइपवाला, एक श्वासभर फट ठेवून, स्वतःच्या स्टेशनचं नाव नीट घेऊन: माझं काही नाही, कंट्रोल, आभारी आहे. पाठोपाठ बाकीचे, एकेक, सगळे नियमाने, कुणी कुणावर चढलं नाही, कुणी हवा-पाणी सांगितलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही एवढी सुंदर नेट झाली नव्हती. मेल्यांना येत होतं तर सगळं! हवेवर कुणाची चूक काढायची नाही, हाही बाबांचाच नियम, आणि तो आज ते तिच्यावर वापरत होते... तिला त्यांची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

तिने बाबांना पुन्हा हाक दिली. उत्तर नाही. वहीत त्यांच्या नावापुढे रेघ मारली आणि नेट बंद केली.

"कुणाशी भांडत होतीस?" नवऱ्याने बाहेरून विचारलं.

"कुणाशी नाही. तू निघ, उशीर होतोय तुला."

आता एकच गोष्ट मोजायची होती. टेकडीवर रिपीटर होता, सगळ्यांचे आवाज झेलून पुढे फेकणारं यंत्र, आणि त्या यंत्राला अक्कल होती: कुणी तीन मिनिटांच्या वर हवा अडवून बसला की ते त्याला तोडून टाकतं. म्हणजे तिच्या बोलण्यातली पहिली तीन मिनिटं हवेवर गेली, पुढचं नाही. पण त्या तीन मिनिटांत काय काय आलं होतं? डॉक्टरबद्दलचं आधी, हे नक्की. मग फोन... एकदा की दोनदा? बाबांबद्दलचं वाक्य दुसऱ्या फोनच्या नंतर. पण दोन फोनांच्या मधे ती किती वेळ नुसती बसली होती, घड्याळाकडे बघत, मनातल्या मनात डाफरत? बसस्टॉपवर उभी राहून तिने सगळं ओठांनी पुन्हा बोलून पाहिलं, त्याच वेगात, शेजारची बाई सरकून उभी राहिली. अडीच मिनिटं. पुन्हा बोलली. साडेतीन झाली.

दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायची. काचेच्या खिडकीची छोटी खोली, आत पेशंट, कानांवर हेडफोन, हातात बटण. "आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी. नाही आला तर दाबू नका." इतकं सोपं. आणि तेही जमत नाही लोकांना. आज पहिलाच म्हातारा, सुनेने धरून आणलेला, ती काहीही वाजवत नसताना दाबत होता, सारखा, काचेतून तिच्याकडे आशेने बघत. एरवी ती खेकसली असती. या वयात खोटं कशाला, आजोबा? ऐकू येत नाही तर येत नाही... तिने आपला पाय कुठे आहे ते आधी खाली बघितलं.

जेवणाच्या सुट्टीत तिने थोरल्या जावेला फोन लावला.

"ताई, बाबा कसे आहेत?"

"आहेत. बसलेत खिडकीत. का गं?"

"आज नेटवर आले नाहीत."

"अगं, सकाळी दाढी करून, शर्ट बदलून बसले होते की. रोजचंच आहे ते. आरशासमोर तासभर घोकतात, काय ते स्टेशनचं नाव आणि 'हजर'. काल 'हजर' अगदी स्वच्छ आलं, तुला ऐकवणार म्हणाले. म्हणजे खूण केली."

"मग?"

"मग काय, तुझा आवाज येत होता. मी स्वयंपाकघरात होते. मग त्यांनी बंद केलं."

"माझं... माझं काय चाललं होतं तेव्हा?"

"मला काय कळतंय बाई तुमचं ते! जेवले नाहीत आज नीट. तसे कालही नव्हते म्हणा. देऊ का त्यांना?"

"नको," ती म्हणाली. "नको, राहू दे."

काय बोलणार होती? बाबा, तुम्ही ऐकलंत का, असं विचारायचं? ऐकलं नसेल तर विचारण्यातूनच कळेल. ऐकलं असेल तर... आणि ऐकलं असेलच, ऐकायला कुणी शिकवलं तिला? खरखरीच्या तळातून कुजबुज उपसून काढणारा माणूस तो. शिवाय यात खोटं काय होतं? संपलं, हे त्यांनीच म्हटलं असतं दुसऱ्या कुणाबद्दल, हसून, तोंडावर. मी त्यांचीच जीभ बोलले. नेमकी त्यांचीच, त्यांची उरली नाही म्हणून जणू मी वापरली... छे. माझ्या जिभेला हाड नाही, एवढंच. उगाच त्यांच्या माथी कशाला मारायचं?

संध्याकाळी नवरा यायच्या आधी ती त्या खोलीत गेली. संध्याकाळी नेट नसते, लहर रिकामी असते. तिने खुर्ची न घेता स्टूल घेतलं, खरखर दाबणारं बटण उलटं फिरवलं आणि खोलीभर खरखर पसरली, डोकं उठवणारी, बाबांची. मग पेडल दाबून तिने नियमाप्रमाणे आपल्या स्टेशनचं नाव घेतलं, त्यांच्या स्टेशनचं घेतलं, आणि मग नियम सोडून म्हणाली, "बाबा, मी आहे. ऐकतेय."

पाय उचलला. खरखर.

पुष्कळ वेळ नुसती खरखर... आणि मग ती तुटली. कुणीतरी बटण दाबलं होतं. दाबून धरलं होतं. शब्द नाही, श्वास नाही, फक्त खरखर नसणं. मग ती परत आली. मग पुन्हा तुटली.

बाबा असतील. 'हजर' म्हणायला धडपडत असतील आणि निघत नसेल. किंवा अगदी सहज निघत असेल आणि काढायचं नसेल. ऐकलं, एवढंच कळवायचं असेल. किंवा बाबा नसतीलच. डॉक्टर असेल तो वटवट्या, तिची कीव येऊन, पाइपवाला असेल. टेकडीवरचं यंत्र सगळ्यांना सारखंच करून पाठवतं. श्वासावरून माणूस ओळखणारी ती, आज श्वासच नव्हता ओळखायला.

कोण आहे ते, आधी स्टेशनचं नाव सांगा — वाक्य जिभेवर तयार होतं, धारदार, नियमाला धरून. त्यासाठी पेडल दाबावं लागलं असतं, आणि दाबलं की ऐकणं बंद. तिने दोन्ही पाय वर स्टुलावर घेतले, गुडघे पोटाशी धरले. खरखर पुन्हा तुटली होती. ती ऐकत राहिली.