आचारी मेलेला नाही

माझ्या पहिल्या कादंबरीवर पहिला अभिप्राय आला तो असा : पुठ्ठा चांगला आहे. तीन तारे. दुसरा अभिप्राय पहिल्याला उत्तर म्हणून आला होता. पुठ्ठा एवढाही चांगला नाही. दोन तारे.

कादंबरीचं नाव 'शून्यतळ'. त्याच नावाच्या व्हिडिओ गेमवरून लिहिलेली. गेममध्ये एक अंतराळस्थानक आहे, बेचाळीस खोल्यांचं, आणि त्यात एक कप्तान आणि स्वयंपाक करणारा एक यंत्रमानव एवढेच उरलेत. सुटकेचं यान येणार शंभर दिवसांनी. वीज पुरणार तीस दिवस. म्हणून कप्तानाने बंदूक घ्यायची, खालच्या ग्रहावर उतरायचं, तिथल्या लोखंडी किड्यांशी लढायचं आणि इंधन हिसकावून आणायचं. लाखो लोकांनी हे केलंय. मी केलेलं नाही. पहिल्याच किड्याने मला एकोणीस वेळा मारलं. विसाव्या वेळी तो माझ्याकडे बघून न मारताच निघून गेला. त्याला दया आली की कंटाळा, ते अजून कळलेलं नाही.

आता अडचण अशी होती की प्रकाशनाशी झालेल्या करारात कलम चार होतं : लेखकाने खेळ स्वतः शेवटपर्यंत खेळलेला असावा. त्यावर मी सही करून बसलो होतो. एवढंच नाही, तर त्या सहीच्या भरवशावर वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिका लिहिण्याची चांगली नोकरी सोडून बसलो होतो. तिथे वाचक अभिप्राय देत नसत. चूक झालीच तर फार तर कुणाचा तरी पांढरा शर्ट गुलाबी व्हायचा.

आई तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होती. रुग्णालयाच्या औषधभांडारात अठ्ठावीस वर्षं भांडारपाल. निवृत्तीनंतरच्या दोन महिन्यांत तिने आमचं सगळं घर लावलं होतं आणि शेजारच्यांचं निम्मं. एका दुपारी ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून माझं एकोणिसावं आणि विसावं बघत होती. मग म्हणाली, "सरक."

तिने बंदूक उचललीच नाही. ती सरळ भांडारात गेली आणि औषधांची खोकी लावायला लागली. आधी मुदत संपणारं पुढे, नंतर संपणारं मागे. गेममध्ये खोकी हलवता येतात हे मला माहीत नव्हतं. हलवल्याने काय होतं, तर काही होत नाही. आईला तेवढं कारण पुरेसं होतं. मग ती एकेका खोलीत जाऊन दिवे बंद करत सुटली. राहणारा माणूस एक, खोल्या बेचाळीस, आणि दिवाळखोरासारखे सगळे दिवे चालू, हे तिला बघवेना. प्रत्येक भिंतीवर बटण होतं. आजवर त्याला कुणी हात लावला नव्हता, कारण अंधारात किडे येतात असं सगळे धरून चालतात. आईच्या मते किडे खरकट्याला येतात.

तीस दिवस सरले तरी वीज शिल्लक. साठ सरले. आमच्या घरात नियमच झाला : ती खेळणार, मी वहीत टिपणार, गेममधला एक दिवस संपला की चहा. चहा मी करायचा. शंभराव्या दिवशी सुटकेचं यान आलं. कप्तान पिशवी भरून दारात उभा होता आणि बंदूक खुंटीवर होती तशीच लटकत होती. पडद्यावर अक्षरं उमटली : चला. मला वाटलं, असेल हाही एक शेवट. वही उचलली आणि कादंबरी लिहून काढली.

फक्त एक बदल केला. नवव्या दिवशी तो स्वयंपाकी यंत्रमानव गळती लागलेल्या खोलीत अडकतो. दार उघडून त्याला काढायचं तर दिवसभराची हवा खर्च होते. खेळाडू दार बंद करून पुढे जातात, कारण तो सूप करण्यापलीकडे कशाच्याच कामाचा नाही. आई त्याला आचारी म्हणायची. तिने काहीच विचार न करता त्याला बाहेर काढलं होतं. पण आमच्या संपादकबाईंचं म्हणणं पडलं की या पुस्तकात कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. म्हणून मी दार लावून घेतलं. आचाऱ्याला मरायला चार पानं लागली. शेवटी त्याच्या हातातला सूप वाढायचा डाव तेवढा हलत राहतो. संपादकबाईंनी रडत फोन केला. त्या दिवशी मला आपण लेखक असल्यासारखं वाटलं.

आणि मग अभिप्राय यायला लागले.

'नेमबाज ९९' याने लिहिलं की दोनशे ऐंशी पानांत एकही गोळी सुटत नाही. पान एकशे बारावर कप्तान बंदुकीवरची धूळ पुसतो, तेव्हा त्याला आशा वाटली होती. एक तारा. आणखी एकाने लिहिलं, चौथं प्रकरण पूर्णपणे खोकी लावण्यावर आहे, ते वाचून मी उठून माझं कपाट लावलं, कादंबरी म्हणून वाईट आहे. चार तारे. एका बाईंचा नवरा पुस्तक वाचल्यापासून घरभर दिवे बंद करत फिरत होता आणि त्यांच्या पायाच्या करंगळीला टेबल लागलं होतं. करंगळीचा फोटोही जोडला होता. एक तारा.

हे सगळं मी पचवलं. पचलं नाही ते 'आकाशगंगेचा जावई' या वाचकाचं. त्याने शून्यतळ एकसष्ट वेळा पूर्ण केला होता आणि त्यात असा शेवट नाही, असं त्याचं ठाम म्हणणं होतं. तरी त्याने प्रामाणिकपणे पुस्तकाबरहुकूम खेळून पाहिलं. आचाऱ्यावर दार लावलं, दिवे बंद केले, नव्याण्णव दिवस काढले. त्या दिवशी फक्त भट्टीच्या खोलीतला दिवा उरतो, आणि तो बंद केला नाही तर यान यायच्या आठ तास आधी वीज संपते. पुस्तकात कप्तान ओलं ब्लँकेट गुंडाळून आत जातो. जावयानेही गुंडाळलं. कप्तान जळाला. खाली त्याने एकच वाक्य लिहिलं होतं : लेखकाने हा खेळ खेळलेला नाही.

त्याखाली दोनशे बारा जणांनी कळवलं की त्यांचाही जळाला.

मी वही काढली. नव्याण्णवाव्या दिवसाची नोंद अशी होती : 'भट्टीतला दिवा बंद. चहा.' म्हणजे दिवा बंद होत असताना मी स्वयंपाकघरात दूध उतू जाण्याची वाट बघत होतो. ब्लँकेट माझं होतं. ओलंही मीच केलं होतं.

बुधवारी संपादकबाईंचा फोन आला. गेमच्या कंपनीला दुसऱ्या भागाची कादंबरी हवी होती आणि निर्णय शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता. सरासरी तीन तारे असतील तर मी. नसतील तर दुसरा एक लेखक, जो फोटोत नेहमी हनुवटीला हात लावून बसलेला असतो. फोन ठेवून मी हिशेब केला. तीनशे अकरा अभिप्राय, नऊशे तीस तारे. तीन तारे कमी पडत होते. कुणाचे तरी दोनाचे पाच झाले की बरोबर तीनची सरासरी. मग मी दोन तारेवाले शोधत गेलो आणि एका नावापाशी थांबलो. 'भांडारपाल (निवृत्त)'.

अभिप्रायाची पहिलीच ओळ दिसत होती. 'लेखक कष्टाळू आहे, पण' आणि मग टिंबं, आणि 'पुढे वाचा'. मी पुढे वाचलं नाही. 'पण'च्या पुढे काय असतं ते मला लहानपणापासून माहीत आहे.

आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून डब्यांना चिठ्ठ्या लावत होती.

"आई, तू मला दोन तारे दिलेस?"

"तुला कुठे दिले? पुस्तकाला दिले."

मी तिला शुक्रवारचं सगळं सांगितलं. नोकरी सोडल्याचं तिला माहीत होतं, हनुवटीवाल्याचं नव्हतं. म्हटलं, एक बोट लावायचं काम आहे, दोनाचे पाच कर. तिने हातातली चिठ्ठी नीट चिकटवली, कोपरे अंगठ्याने दाबले.

"माल कमी आला असताना पूर्ण आला म्हणून सही करायची?"

"मी तुझा मुलगा आहे."

त्यावर तिने रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांच्या भाच्याची गोष्ट सांगितली. त्यालाही कापसाचं एक बंडल चिठ्ठीशिवाय हवं होतं. मिळालं नव्हतं. भाच्याचं नंतर काय झालं ते तिने कधीच सांगितलेलं नाही, पण गोष्ट संपली की समोरचा उठून जातो.

मी उठलो नाही. विचारलं, कमी काय आलंय ते तरी सांग.

"आचारी मेलेला नाही," आई म्हणाली. "मी त्याला बाहेर काढला होता. तू माझ्या हातून मारलास."

मी तिला समजावलं की हे साहित्य आहे, साहित्यात कुणीतरी मरावं लागतं. ती म्हणाली, मग तारेही साहित्याकडेच माग. बाकीच्या वाचकांनी काय लिहिलंय ते तरी बघ म्हटलं, तर दुसऱ्याच्या पेपरात डोकावून आपला पेपर लिहायचा नसतो, एवढं सांगून तिने पुढचा डबा ओढला.

गुरुवारी सकाळपर्यंत सरासरी आणखी घसरली. आता आई आणि तिचा मोठा डॉक्टर दोघांनी पाच पाच दिले असते तरी भागलं नसतं. मी वॉशिंग मशीनच्या कार्यालयात फोन लावला. माझ्या जागी माणूस आला होता, पण भांडी धुण्याच्या यंत्राची जागा मोकळी होती. मी म्हटलं, विचार करून सांगतो. ते म्हणाले, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं.

दुपारी जावयाचा नवा अभिप्राय आला. मी तो उभ्यानेच वाचला, कारण बसल्यावर उठता येईल याची खात्री नव्हती.

माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करायचा म्हणून या माणसाने सगळेच्या सगळे अभिप्राय वाचून काढले होते आणि प्रत्येकावर 'पुढे वाचा' दाबलं होतं. असं करणारा तो जगातला पहिलाच. दाबत दाबत तो आईच्या अभिप्रायापाशी आला. तो त्याने जसाच्या तसा खाली उतरवला होता :

"लेखक कष्टाळू आहे, पण पान १४० वर आचारी मेला असं लिहिलं आहे ते खोटं आहे. आचारी जिवंत आहे. नव्याण्णवाव्या दिवशी भट्टीतला दिवा त्यानेच बंद केला. माणसाने आत जाऊ नये असं दारावर लिहिलेलं आहे. दारावर लिहिलेलं वाचावं. ब्लँकेट कुणीही वापरलेलं नाही. आपल्या माणसाला नवव्या दिवशी सोडलं तर नव्याण्णवाव्या दिवशी तो कुठून येणार? बाकी लिखाण स्वच्छ."

जावयाने बासष्टाव्यांदा खेळ सुरू केला होता. आचाऱ्याला बाहेर काढलं, दिवे बंद केले. नव्याण्णवाव्या दिवशी आचाऱ्याने सूप खाली उतरवलं, हात पुसले, भट्टीत गेला आणि दिवा बंद करून परत आला. दुसऱ्या दिवशी यान आलं. एकसष्ट वेळा मी ग्रह जिंकला, जावयाने लिहिलं होतं, पण मला न्यायला कुणी येतं हे पहिल्यांदाच पाहिलं. आपण रडलो नाही, बायको म्हणते रडलास, हेही त्याने नोंदवलं होतं. पाच तारे.

संध्याकाळपर्यंत ज्यांचे ज्यांचे कप्तान जळाले होते ते सगळे आचाऱ्याला बाहेर काढून आले. कुणी एकाचे चार केले, कुणी पाच. करंगळीवाल्या बाईंनीही दोन वाढवले. 'नेमबाज ९९' मात्र एका ताऱ्यावर ठाम राहिला. शेवट खरा निघाला, त्याने लिहिलं, गोळी तरीही सुटली नाही.

शुक्रवारी पाच वाजता मी संपादकबाईंच्या समोर बसलो होतो. सरासरी साडेतीनच्या वर होती. त्यांनी सांगितलं की कंपनीत हा शेवट कुणालाच ठाऊक नव्हता. तिथल्या एका प्रोग्रामरने तो गुपचूप घातला होता आणि चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून निघून गेला होता. काल त्याचा कंपनीला फोन आला. त्याने एवढंच विचारलं, सूपवाल्याला कुणी वाचवलं?

"तर दुसरा भाग तुमचाच," बाई म्हणाल्या. "फक्त एक सांगा. हा भांडारपाल कोण आहे?"

खोटं बोलायला तीन सेकंद होती. ती मी त्यांच्या टेबलावरचे कागद बघण्यात घालवली. सगळे वाकडेतिकडे पडले होते. आईला हे दिसलं असतं तर...

"आमची आई," मी म्हणालो, आणि मग कलम चारपासून दुधापर्यंत सगळं सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. परत घातला. आपण आचाऱ्यासाठी रडलो होतो, याची त्यांनी मला थोड्या कडक आवाजात आठवण करून दिली. मग नव्या कराराचा कागद ओढला, कलम चारवर काट मारली आणि वर हाताने लिहिलं : खेळ लेखकाच्या आईने शेवटपर्यंत खेळलेला असावा. लेखकाने त्या वेळी खोलीत असावं.

मी सही केली. घरी येऊन आईला करार दाखवला. तिने तो दोनदा वाचला, मागची कोरी बाजूही बघितली आणि तिच्या जागेवर, खाली, सही केली. मी सहज विचारलं, आता तरी दोनाचे काही होतील का. ती म्हणाली, आचारी दुसऱ्या भागात जिवंत येऊ दे, माल बघून सही करीन.

दुसरा भाग लावला तेव्हा मी चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवला होता. वही उघडून बसलो. आईने खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर पहिली खोली उजळली. लांबलचक, रिकामी, आणि तिच्यात कुणीही नसताना अकरा दिवे चालू.

"लिही," आई म्हणाली.