सुईखालची चिंधी

"अहो काका, पाय उचला! पाय!"

दुकानातल्या बाई ओरडेपर्यंत मशीन अर्धा हात कापड गिळून मोकळं झालं होतं. मी पाय उचलला. उभी हयात बस चालवण्यात गेली, पेडल किती दाबायचं हे मला शिकवायला निघाल्या! पण हे विजेचं मशीन भलतंच तापट. जरा पाय टेकवला की सुटलंच.

"याला ब्रेक नाही का?"

"पाय उचलायचा, हाच ब्रेक. नवशिके आहात, साधंच घ्या. सरळ शिलाई, नागमोडी शिलाई, बास. ते फुलापानांचं घ्याल आणि वर मशीनलाच नावं ठेवाल. नाचता येईना अंगण वाकडं!" बाई हसल्या. "शिवायचंय काय?"

"बायकोचा गाऊन."

"घरी मशीन नाही?"

"नाही," मी म्हणालो.

सपशेल खोटं. घरात खिडकीशी तिचं पायमशीन आहे. लग्नाआधीपासून ती त्यावर शिवत आली. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं तिने शिवलेले कपडे घालून फिरतात. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवं अंग गेलं. आता गाऊन घालताना तो हात बाहीत सरकवायचा म्हणजे ती कळवळते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी, बंदांनी बांधायची बाही हवी. दोन शिंप्यांकडून शिवून आणली. तिने डाव्या हाताने आतली शिवण चाचपली आणि गाऊन बाजूला सारला. "टोचतं." संपला विषय. म्हटलं, आपणच शिकू.

मला काही एका जागी बसवेना. या मशीनवरून उठलो, त्यावर बसलो. एकाचं झाकण उघडलं, दुसरं उलटं करून खालून पाहिलं. गाडी घेताना बघतात तसं. बाई वैतागल्या असणार, पण गिऱ्हाईक म्हणून गप्प होत्या. शेवटी तिसऱ्यावरून उठताना त्यांनी मला थांबवलं.

"काका, हे कुणी शिकवलं?"

"काय?"

त्यांनी बोट दाखवलं. मी उठता उठता एक चिंधी दुहेरी करून सुईखाली सरकवली होती आणि कापड दाबणारा पाय तिच्यावर टेकवला होता. माझं मलाच कळलं नव्हतं.

"खालचे दाते नुसतेच घासू नयेत म्हणून ठेवतात. रोज शिवणाऱ्याच्या घरातलीच सवय ही. मशीन आहे ना घरी?"

"आहे!" मी एकदम भडकलो. "आहे, पण ते तिचं आहे! कुणी हात लावलेला तिला खपत नाही. आणि उद्या मी जाऊन तिथे बसलो, तर... ती आता तिथे बसायची नाही, असंच झालं ना?"

दुकानात आणखी कुणी नव्हतं, तेवढं बरं. बाईंनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"मी विकायलाच बसलेय, आत्ता बांधून देते," त्या म्हणाल्या. "पण त्यांना विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. कुठल्या तोंडाने विचारणार?

रिकाम्या हातांनी घरी आलो. आईजवळ बसलेली लेक म्हणाली, "बाबा, मशीन कुठाय?" मी बायकोची चाकांची खुर्ची ढकलत नेली आणि तिच्या मशीनच्या उजव्या अंगाला लावली.

"मी बसू का इथे?"

ती मशीनकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. तोंड अजून वाकडं होतं, शब्द जड येत होते.

"अहो... आधी... हात धुवा."

मी धावत जाऊन धुतले, साबणाने. येऊन बसलो. सुईखाली तिची चिंधी होती, झटक्याच्या आदल्या संध्याकाळी ठेवलेली. इतके दिवस मी वरची धूळ पुसत होतो, पण ती हलवली नव्हती. आता काढली आणि मुठीत धरली. जुनी चादर सरकवली, पाय मारला. चाक उलटं फिरलं आणि दोरा तटकन तुटला.

"च्!" ती म्हणाली. अगदी पूर्वीसारखं.

लेकीने दोरा ओवून दिला. बायकोने डावा हात लांबवून चाकावर ठेवला आणि आमच्या बाजूला झटका दिला. चाक सुलट फिरलं. मी पाय चालवत राहिलो, आणि जरा अडखळलो की तिचा हात चाकावर यायचा. शिवण झाली. दारू प्यायलेला माणूस घरी चालत यावा तशी.

तिने शिवणीवरून बोट फिरवलं.

"उसवू?" मी विचारलं.

"काप."

तिची कात्री! जिला हात लावला म्हणून लेकीने लहानपणी धपाटे खाल्ले होते. मी भीतभीत तेवढा शिवलेला तुकडा कापला आणि उठून बाजूला झालो. तिने तो एका हाताने मांडीवर दुमडला, वाकून सुईखाली सरकवला आणि दाबणाऱ्या पायाची दांडी खाली केली.

"उद्या... बाही," ती म्हणाली.

तिची चिंधी अजून माझ्या मुठीतच होती. तिने ती मागितली नाही.