निळ्या दिव्याचा आकडा

आमच्या घरात उजेडावर बोलायचा हक्क एकाच माणसाला. आमचे हे इस्पितळात दिव्यांची देखभाल करतात. मी सुईत दोरा ओवायला बसले की खिशातलं उजेड मोजायचं मीटर माझ्या हातावर धरून म्हणायचे, एवढ्याशा उजेडात डोळे जातील. मी म्हणायची, आकडा नको, दोरा ओवून द्या.

लेक त्याच इस्पितळात बाळंत झाली. नात दोन दिवसांत पिवळी दिसायला लागली. बऱ्याच बाळांना कावीळ होते, निळ्या दिव्याखाली ठेवलं की उतरते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तरी लेकीचा जीव थाऱ्यावर नव्हता. एवढा दिवा पुरेल का, असं तिने बापाला विचारलं. ह्यांनी मीटर बाळाच्या पोटाशी धरून आकडा दाखवला आणि म्हणाले, अख्ख्या वॉर्डात एवढा उजेड दुसऱ्या दिव्याचा नाही. बापानेच सांगितल्यावर लेक निर्धास्त झोपली.

त्या दिव्यातल्या निम्म्या ट्यूब आता पांढऱ्या होत्या. निळ्या प्रकाशात नर्सबायकांचं डोकं दुखायचं, मळमळायचं, म्हणून ह्यांच्या मागे लागून त्यांनी त्या बदलून घेतल्या होत्या. बदलल्यावर मीटरवरचा आकडा चांगलाच वाढला, तेव्हा हे खूशच झाले होते.

बाळाचा पिवळेपणा मात्र हटेना. ते दूध ओढेना, रडणंही किरटं झालं. दिवा पुन्हा बघा, म्हणून मी ह्यांच्यामागे लकडा लावला, तर माझ्यावरच उखडले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या इस्पितळातून वेगळं मीटर मागवलं आणि दिव्याखाली धरलं. त्यावरचा आकडा हवा त्याच्या निम्माही भरेना.

"तुमचं मीटर माणसाच्या डोळ्याला किती लख्ख दिसतं तेवढं सांगतं," त्या ह्यांना म्हणाल्या. "कावीळ उतरते ती निळ्या प्रकाशाच्या शक्तीने. पांढऱ्या ट्यूबमध्ये ती फार थोडी असते."

त्याच दिवशी बाळाचं रक्त बदललं. बाळ वाचलं.

आता नात बसायला लागली आहे. पडदा हलला तरी खुदकन हसते. पण मागच्या आठवड्यात माझ्या हातून पातेलं तिच्या पाठीमागे आदळलं, आणि तिने मानही वळवली नाही. कान तपासले. काविळीने ऐकण्याची नसच गेली, असं डॉक्टर म्हणाले. लेकीला ट्यूबचं काहीच ठाऊक नव्हतं. मला मात्र ह्यांचा असा संताप आला होता की जेवायला वाढतानाही मी बोलत नव्हते. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते, एवढंच मी म्हटलं.

काल ह्यांनी मीटर लेकीसमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. स्वतःची बाजू काही मांडली नाही.

"मी विचारलं होतं तुम्हाला, पुरेल का म्हणून," लेक म्हणाली.

"विचारलं होतंस."

तिने बाळाला खांद्यावर घेतलं आणि ह्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली. तिच्या खांद्यावरून बाळ ह्यांच्या दिशेने बघून हसायला लागलं. सवयीने ह्यांनी हाक मारली, "चिमणे." नात हसतच राहिली. ह्यांच्या डोक्यावर दिवा लागलेला होता, ती त्याच्याकडे बघत होती.