माळावरचा उजेड
रंगनाथनं बायकोला धरून ओसरीवर आणून बसवलं. भर दुपारीही बनुबाईनं अंगावरची घोंगडी सोडली नव्हती.

"साळवे सायेब आल्यात. बोल त्यांच्यासंगं."

तिनं घोंगडी आणखी आवळून घेतली.

शांतवन साळवे जोत्यावर टेकले. बंगलोरची विमान कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी सोडून ते काष्टीला परतले, तेव्हापासून गावात कुजबुज होती की सरकारनं त्यांना उडत्या तबकड्यांच्या गुप्त तपासावर नेमलं होतं. साळवे हसून म्हणत, "मी विमानांचे पंख तपासायचो. तबकड्या कुठल्या?"

दुष्काळी कामावरून दिवस मावळता परतताना बनुबाईला माळावर उजेड उतरलेला दिसला होता आणि तेव्हापासून तिची झोप उडाली होती. तिला पुण्याच्या वेड्यांच्या दवाखान्यात न्यायला तिचा भाऊ उद्या येणार होता.

"ते इमान हुतं, एवढंच सांगा," रंगनाथनं वाटेत विनवलं होतं. "तुमचं ती ऐकंल."

साळव्यांनी घसा साफ केला. "बाई, लष्कराची विमानं या बाजूनं जातात. त्यांचे दिवे..."

"आवाज न्हवता."

"उंचावर असलं की ऐकू येत नाही."

"उंच न्हवतं. बाभळीएवढं हुतं." तिनं हात वर करून उंची दाखवली. "समदा माळ दुपारवानी उजळला."

साळवे त्या हाताकडे पाहत राहिले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुमची सावली पडली होती का?"

बनुबाईनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं.

"न्हाई. बाभळीची बी न्हाई अन् माजी बी न्हाई. पर हे म्या कुनालाच सांगितलं न्हवतं. तुमाला कसं ठावं?"

भिंतीशी उभा असलेला रंगनाथ हळूहळू खाली बसला.

"आनखी कुनी पाह्यलंय?" तिनं विचारलं.

"माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकानं."

"त्यो कुठं आस्तो आता?"

साळव्यांनी नजर खाली वळवली. बनुबाईनं पदर तोंडाशी धरला आणि ती बराच वेळ रडली. मग तिथंच ओसरीवर आडवी झाली. थोड्या वेळानं तिचा श्वास संथ झाला आणि तिला झोप लागली.

रंगनाथ त्यांना पोचवायला अंगणापर्यंत आला.

"मेव्हण्याला परत पाठवा," साळवे म्हणाले. "त्या वेड्या नाहीत."

"व्हय."

"आणि दिवस मावळला की त्यांना एकटं बाहेर सोडू नका."

"किती दिस, सायेब?"

साळव्यांनी चपला पायात सरकवल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. त्यांच्या घराची जवळची वाट माळावरून होती. ती सोडून ते गावाला वळसा घालणाऱ्या रस्त्याला लागले.