अ-आ-इ-ईचं कपाट

प्रयोगशाळेच्या बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. रसायनांच्या कोठीला एकच दार, दाराला वीतभर काच, काचेला चिकटलेली नाकं आणि नाकांमागे टाचा उंचावलेली माणसं.

"दिसली! पांढरी राख दिसली!"

"सरका की जरा! माझ्या मेव्हण्याच्या दम्याला हवीय!"

कोठीतल्या बाटल्यांवर आपोआप राख उतरत होती. पुसली तरी पुन्हा. विभागप्रमुखांनी आपल्या गुरूंना बोलावलं आणि त्यांचं नावच राखबाबा पडलं.

"जाळ नाही, सरपण नाही, तरी राख!" बाबा गरजले. "बसतं का तुमच्या विज्ञानात?"

भल्याभल्या डॉक्टरेटवाल्यांनी माना हलवल्या.

"पंखा बंद करा. कृपा हलकी असते, उडून जाते!"

आणि आत, बंद दाराआड, एकटी बसली होती कोठीवाली. कुठली बाटली कुठल्या फळीवर, हे तिला झोपेतही सांगता यायचं. पण ती नणंदेच्या बाळंतपणाला रजेवर गेली आणि मागे विभागप्रमुख सरांनी सगळी कोठी नव्यानं लावून घेतली. परत येऊन पाहते तो कपाटावर पडदा, दाराला कुलूप, किल्ली बाबांच्या कमरेला, आणि रोज सकाळी ते एकटेच आत ध्यानाला बसतात म्हणे. आणि आज बाबांनी तिच्याकडेच बोट केलं होतं. "ही राखेची राखणदार! काचेसमोर मांडलेल्या या काळ्या पाटावर राख साचेपर्यंत हिनं आत बसायचं."

"सर, मला खोकला आहे, आणि पंखा..."

"तुमच्या कायम होण्याच्या कागदावर माझी सही राहिलीय ना?" सर हळूच म्हणाले.

दर्शनाला आलेल्या तिच्या सासूबाईंनी गर्दीतून पुढं येऊन तिचं कोपर धरलं. "बस गं. चारचौघांत मान खाली घालू नकोस माझी. या राखेनंच गुडघ्याची सूज उतरलीय माझी."

दार लागलं. घसा जळू लागला, डोळे झरू लागले. तिनं दार बडवलं. "उघडा! श्वास घेता येत नाहीये!"

"ऐका, ऐका! पाप बाहेर पडतंय!" बाहेर टाळ्या पडल्या.

ती गप्प झाली.

"समाधी लागली!" पुन्हा टाळ्या.

ओरडली तरी चमत्कार, गप्प बसली तरी चमत्कार. जावं तरी कुठं?

तिनं नाकावर रुमाल बांधला आणि पडदा ओढून काढला.

बाटल्यांवर सरांच्या अक्षरातल्या नव्या चिठ्ठ्या होत्या. अ-आ-इ-ईप्रमाणे नीट ओळीत, मतदारयादीसारखं आडनाव आधी. 'अमोनिया.' आणि त्याला खेटून, 'आम्ल, हायड्रोक्लोरिक.'

एका चुलीवर न पटणाऱ्या जावांसारख्या या दोन बाटल्या तिनं कायम कोठीच्या दोन टोकांना ठेवल्या होत्या. इथं त्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. दोघींची झाकणंही सैल, आणि झाकणांवरच्या राखेत बोटांचे ठसे. रोज सकाळी 'ध्यानाला' एकटं आत यायचं कोण? दोन्ही तोंडांतून न दिसणारी वाफ निघत होती. मधे भेटली की तिचा पांढरा धूर व्हायचा आणि त्याचीच भुकटी खाली बसायची. पंखा बंद असला की जास्तच.

तिनं हातमोजे चढवले, दोन्ही बाटल्या काचेसमोरच्या टेबलावर आणल्या आणि काचेवर टकटक केलं. धूर पाहून बाहेर आरडाओरडा झाला. तिनं अमोनियाचं झाकण घट्ट फिरवलं. धूर थांबला. सैल केलं. धूर आला. पुन्हा घट्ट.

काचेला आणखी नाकं चिकटली.

"अगं बाई!" सासूबाईंचा आवाज फुटला. "झाकण लावलं की राख बंद! बाबा, तुमची कृपा झाकणाला घाबरते होय?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"अश्रद्धेच्या जागी आम्ही क्षणभर थांबत नाही!" बाबा वळले.

"थांबू नका, पण किल्ली टाकून जा. सून गुदमरतेय माझी!" सासूबाईंनी बाबांचा कमरपट्टाच धरला. किल्ली हातात आली, कुलूप निघालं, दाराबाहेरचं पंख्याचं बटण त्यांनीच दाबलं.

ती भिंतीला धरून बाहेर आली. कितीतरी वेळ नुसता खोकला.

"मला वाटलं..." सर पुटपुटले.

"सर, पहिल्या वर्षाला तुम्हीच शिकवता हे." तिचा आवाज फाटला होता. "सही करा, नका करू. त्या दोन बाटल्या मी आजच लांब ठेवणार आहे."

"मग आमच्या मेव्हण्याचा दमा?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"डॉक्टरकडे न्या त्यांना. ही राख छातीत गेली तर दमा वाढेल. घरी नेली असेल तर टाकून द्या." तिनं श्वास घेतला. "माझं तरी का ऐकता? शाळेतल्या मुलांना विचारा, पुस्तक उघडा, पडताळून बघा. आणि उद्या कुणी चमत्कार दाखवायला लागला, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, पंखा का बंद केला आणि दार का लावलं?"