हळदीखालचा हिरवा रंग

मित्रांनो, मी एक जुनं पितळी पातेलं आहे. माणसांना जेवू घालणं एवढंच काम मी जन्मभर केलं. पण एका रविवारी माझ्याच पोटातून विष वाढलं गेलं. ते मला सकाळपासून दिसत होतं आणि मला काहीच करता आलं नाही. तीच हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे.

राजवाड्यामागच्या बर्तन बाजारात एका कारागिराने मला ठोकून घडवलं. तिथून सखुबाईंनी मला जुन्या इंदुरातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी आणलं. त्यांच्या सासरचे पूर्वज होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते. नवरा मात्र कापडगिरणीत कामाला होता आणि मुलगा जयसिंग चौथीत शिकत होता.

दर रविवारी सखुबाई माझ्यात कोंबडी शिजवायच्या. त्यांची रीत अगदी सोपी. कोंबडीला हळद-मीठ चोळायचं, आलं-लसूण ठेचून लावायचं, थोड्या तेलात परतायचं आणि वर गरम पाणी ओतायचं. शिजली की ते पिवळंधमक पाणी आधी वाटीत काढून जयसिंगला प्यायला द्यायच्या. त्याला त्या आळणी म्हणायच्या. मग उरलेल्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण पडायचं. त्या वासाने शेजारीही खिडकीत यायचे.

पण चूल पेटवण्याआधी सखुबाई मला उजेडात नेऊन आतून नीट न्याहाळायच्या. मित्रांनो, पितळाला आंबट आणि खारट सोसत नाही. दही, लिंबू, चिंच लागली की पितळ झरू लागतं आणि अन्न कळकतं, म्हणजे विषारी होतं. म्हणून आमच्यासारख्या भांड्यांना आतून कथलाचा पातळ थर देतात. त्याला कल्हई म्हणतात. कल्हई असली की मी आतून चांदीसारखं पांढरं दिसते. वर्षातून दोनदा कल्हईवाला गल्लीत यायचा, भाता मारून कोळसे फुलवायचा आणि मला नवं करून द्यायचा. एकदा कल्हई उडून माझ्या तळाशी नाण्याएवढा पिवळा डाग पडला होता. घरी पाहुणे आले होते, तरी सखुबाईंनी मला बाजूला ठेवलं आणि लोखंडी कढईत स्वयंपाक केला. तेव्हा मला अपमान वाटला होता. आज मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं.

सखुबाई गेल्या. घरात कुकर आला. कल्हईवाला गल्लीत यायचा बंद झाला आणि तो का येत नाही हे कुणी विचारलंही नाही. रंगपंचमीला माझ्यात रंग कालवू लागले. मग तो रंग निघावा म्हणून मला तारेच्या घासणीने खरवडायचे. दरवर्षी माझी थोडी थोडी कल्हई मोरीतून वाहून गेली. पुढे कुटुंब नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलं आणि मी माळ्यावर गेले. तिथे अंधारात मी बरीच वर्षं काढली. खरं सांगते, मी तिथेच राहिले असते तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी मला जयसिंगरावांच्या सुनेने, रुचीने खाली काढलं. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवते. मनाने फार चांगली. त्या रविवारी जयसिंगरावांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. सासऱ्यांना त्यांच्या आईच्या हातचं चिकन, त्यांच्या आईच्याच भांड्यात करून खाऊ घालायचं तिच्या मनात होतं. लिंबू आणि मीठ घेऊन तिने मला तासभर घासलं. आत कुठे कुठे कल्हईची पांढरी पुटं उरली होती. तिला तो मळ वाटला. तिने तीही काढली. मी आतून-बाहेरून सारखंच पिवळं चमकू लागले आणि तिने माझा फोटो काढला.

सकाळी नऊ वाजता तिने माझ्यात चिकन घातलं. त्यावर आपल्या पद्धतीने वाटीभर दही, दोन लिंबांचा रस, वाटलेली हिरवी मिरची, मीठ आणि भरपूर हळद. दुपारपर्यंत ते मुरू द्यायचं होतं. मित्रांनो, दही माझ्या अंगाला भिडताच मी झरू लागले. माझ्या कडेला एक हिरवट रेघ उमटली. पण हळद इतकी गडद होती की तिच्याखाली सगळं झाकलं गेलं. जे थोडं दिसलं ते रुचीला हिरव्या मिरचीचं वाटलं.

बाहेरच्या खोलीत जयसिंगराव खुर्चीत बसले होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. त्यांनी तिथूनच विचारलं, "रुची बेटा, आईच्या पातेल्याची कल्हई बघितली ना?"

स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. कल्हई हा शब्द रुचीने कधी ऐकलाच नव्हता. तिला वाटलं, पापा कढईचं विचारत आहेत.

"हां पापा, सगळं घासलंय. एकदम चकाचक!"

"बस, मग काही टेन्शन नाही," म्हणून ते हसले आणि तिथेच बसून राहिले.

बारा वाजता वर पाणी ओतून मला गॅसवर चढवलं. उकळी आली तसं माझं उरलंसुरलं विषही सुटलं. रुचीने वाटीभर पिवळं पाणी काढून आठ वर्षांच्या पलकला दिलं. "घे, दादाजी लहानपणी हेच सूप प्यायचे."

पलकने एक घोट घेतला. "मम्मी, कडू लागतंय."

"हळद जरा ज्यादा झाली असेल. पी चुपचाप, ताकत येते."

पलकने वाटी संपवली.

दीड वाजता पानं मांडली. पहिला घास जयसिंगरावांना दिला. त्यांनी तो तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. घास पानात टाकून ते ओरडले, "थांबा! कुणी खाऊ नका! हे कळकलंय!"

"कळकलंय म्हणजे?" रुचीने विचारलं.

त्यांनी उत्तर देण्याआधीच पलक पोट धरून वाकली. ती जे ओकली त्यात हिरवट झाक होती. मग ती ओकतच राहिली.

"विपुल, गाडी काढ," जयसिंगराव मुलाला म्हणाले. "आणि ते पातेलं बरोबर घे. डॉक्टरांना दाखवायला लागेल."

डॉक्टरांनी मला आतून पाहिलं आणि ते घाईने आत गेले. मग मी पिशवीत, दवाखान्याच्या बाकावर पडून होते. माझ्या एका बाजूला जयसिंगराव होते, दुसऱ्या बाजूला रुची. कल्हई म्हणजे काय, हे तिला तिथे कळलं.

"पापा, मी ऐकलं होतं सकाळी," ती रडत म्हणाली. "मला वाटलं तुम्ही कढई म्हणताय. पलक कडू आहे म्हणाली, तरी मी तिला पाजलं."

जयसिंगरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "गलती माझी आहे, बेटा. तुला कुणी शिकवलंच नाही. मला माहीत होतं. मी नुसतं विचारलं. खुर्चीतून उठून हात लावून बघितलं असतं तर?"

तीन दिवस पलक डोळे उघडून कुणाकडे नीट बघत नव्हती. चौथ्या दिवशी तिने पोहे मागितले आणि रुची ते आणायला धावत गेली. पलक घरी आली. पण आता पानात काही पिवळं दिसलं की ती आधी आईच्या तोंडाकडे बघते.

मला घरात ठेवायला कुणी तयार नव्हतं. जयसिंगराव विपुलला म्हणाले, "याच्या बुडाला भोक पाड आणि मगच भंगारवाल्याला दे. दुसऱ्या कुणी यात रांधायला नको." विपुल हो म्हणाला. पण भंगारवाला आला तेव्हा विपुलला ऑफिसची घाई होती. एक खिळा, एक हातोडा, दोन मिनिटांचं काम. मी मनातल्या मनात त्याला विनवत होते. त्याने मला तसंच देऊन टाकलं.

भंगारातून मी जुन्या वस्तूंच्या एका दुकानात आले. तिथे मला पुन्हा चमकवलं. थोड्या वेळापूर्वी शैलजा नावाची एक तरुणी नवऱ्याबरोबर इथे आली. चार महिन्यांपूर्वी ती नाशिकहून इथल्या कॉलेजात नोकरीला आली आहे.

"ले जाओ मैडम, असली पीतल है. इसमें खाने का टेस्ट ही अलग आता है," दुकानदार म्हणाला.

"अनीश, रविवारी यात दह्यातलं चिकन करू या," शैलजा म्हणाली.

अनीशने माझ्यात डोकावून पाहिलं. "आतून असंच पिवळं असतं का गं?"

"असणारच. पितळ आहे ना."

आता दुकानदार मला कागदात गुंडाळतो आहे.

मित्रांनो, भांडी ओरडू शकत नाहीत. तुम्हाला मात्र बोलता येतं. घरात जुनं पितळी भांडं खाली उतरवलं तर त्याच्या आत हात फिरवून बघा. पिवळं दिसलं तर स्वयंपाक थांबवा, मोठी माणसं हसली तरी थांबवा. आधी कल्हई करून आणा. आणि इंदुरात, कॉलेजात शिकवणारी, नाशिकहून आलेली कुणी शैलजा तुमच्या ओळखीची असेल, तर तिला लगेच फोन करा. आज शुक्रवार आहे.